अंड्याचा एकुलता दात

बत्तीशीकाका फोनवर एक वाक्य जास्तीचं बोलले, आणि त्यापायी पुढचे दोन महिने त्यांच्या अंगाची खाज गेली नाही.

वाक्य एवढंच होतं, "अंडं अगदी तयार आहे."

आता काका म्हणजे कोण, तर कवळ्या करणारे. डॉक्टर नव्हेत हं. डॉक्टर तोंडात बघतात, ठसा घेतात आणि तो ठसा काकांसारख्या माणसाकडे धाडून देतात. मग काका प्लास्टरचा जबडा ओतणार, मेणात दात रोवणार, गुलाबी हिरडी चढवणार, आणि नाव डॉक्टरांचं होणार. चाळीस वर्षं हाच धंदा. गावातली निम्मी म्हातारी माणसं काकांच्या दातांनी जेवतात आणि उरलेली निम्मी काकांच्याच दातांनी काकांच्या पाठीमागं बोलतात. म्हणून नाव पडलं बत्तीशीकाका. खरं नाव लाइटच्या बिलावर आहे, ते तिथंच राहू द्या.

तर फोन लेकीचा होता. लांब राहते. दोन वर्षांनी येणार होती.

"बाबा, आम्ही दोघी येतोय, दोन दिवस. हॉटेल बघून ठेवलंय."

हॉटेल! बापाचं घर उभं असताना लेक हॉटेलात उतरणार, हे ऐकून काकांच्या तोंडची चव गेली. पण लेकीचंही चुकत नव्हतं. घर दोन खोल्यांचं, आणि आतली खोली जबड्यांची. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीनं ज्याचं त्याचं नाव. त्यातली कितीतरी माणसं केव्हाच देवाघरी गेली, पण काका जबडा टाकत नाहीत. "माणसानं विश्वासानं तोंड उघडलं होतं आपल्यासाठी," म्हणतात. मागल्या खेपेला नात चार वर्षांची होती. तिला त्या खोलीत झोपवलं. सकाळी पोरीनं डोळे उघडले तर शंभर जबडे तिच्याकडं बघून हसतायत. पोरीची जी दातखीळ बसली म्हणता! म्हणून या खेपेला हॉटेल.

"हॉटेल कशाला?" काका म्हणाले. "आपलं अंडं आहे की!"

"अंडं? अजून आहे ते?" लेकीचा आवाज एकदम सहा वर्षांचा झाला. "राहण्यासारखं आहे?"

आणि इथं काका ते वाक्य बोलले.

"मग दहा दिवस राहतो बाबा! शाळेला सुट्टीच आहे हिला." तेवढ्यात फोनमध्ये बारीक आवाज घुसला, "आजोबा, आईचं वटवाघूळ आहे का अजून?"

"आहे की! जाणार कुठं?" असं म्हणून काकांनी फोन ठेवला आणि मिशीवरनं हात फिरवला.

काकू समोर बसून शर्टाला बटण लावत होत्या. दोऱ्याची गाठ दातानं तोडत म्हणाल्या, "अहो, त्या अंड्यात मांजर व्यालंय."

अंडं म्हणजे गाडीमागं जोडून ओढत न्यायचं फायबरचं घर. दोन झोपायच्या फळ्या, एक मिटतं टेबल, हातभर ओटा, चार खिडक्या. करणाऱ्यानं ते दोन तुकड्यांत ओतलेलं, एक वरचा आणि एक खालचा, आणि मधोमध कमरेला सांधलेलं. आकार कोंबडीच्या अंड्याचा, रंग दुधी. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी कोणी तरी ते जुनंच विकायला काढलं होतं. लोकांनी येऊन चाकं बघितली, दारं बघितली. काकांनी तो कमरेचा सांधा बघितला आणि म्हणाले, "हा तर जबडा आहे! वरचा आणि खालचा." आणि घेतलं.

मग दर उन्हाळ्यात आठवडाभर तळ्याकाठी. तळ्यावर काय होतं? काही नव्हतं. पाणी होतं, झाडं होती, दोरीवर वाळणारे टॉवेल होते, स्टोव्हचा वास होता. पाऊस आला की छतावर कोणी वाटाणे ओततंय असा आवाज व्हायचा आणि तिघं आत गुडघ्याला गुडघा लावून पत्ते खेळायची. काकू तिथं जेवढ्या हसायच्या तेवढ्या घरी कधी हसल्या नाहीत. साधी गोष्ट आहे, घरचा ओटा सहा हात आणि तिथला हातभर. ओटा आखूड झाला की बाई हसते.

आणि वटवाघूळ? त्याचं असं झालं. एका वर्षी वाऱ्यानं फांदी पडली आणि पोरीच्या उशाशी भिंतीला अंगठ्याएवढं भोक पडलं. त्याच दिवशी तिचा पहिला दात पडला, खालचा, पुढचा. दात मुठीत धरून ती रडायला लागली, की हा आता हरवणार. इकडं भिंतीला भोक, तिकडं पोरीचं भोकाड. काकांनी दोन्ही एकदम बुजवली. कामाची गुलाबी भुकटी पिशवीत कायम असायचीच. ती कालवली, भोकात भरली आणि वर दात रोवून दिला. पोरगी गप्प झाली, काका खूश झाले, आणि सकाळी उजेडात बघतात तो काय, दात उलटा! खालचा दात हिरडीतून वर उभा राहतो. हा वरून खाली लटकत होता.

चाळीस वर्षांत काकांनी उलटा बसवलेला हा एकच दात. कंदिलाच्या उजेडात बसवला, पोरगी रडत होती, ही झाली कारणं. पण कारागिराला कारणं चावतात. काका छिन्नी घेऊन निघाले तर पोरगी भिंतीला पाठ लावून उभी. "नाही काढायचा! तो झोपलाय. वटवाघूळ असंच झोपतं." मग तो तसाच राहिला. रोज झोपताना ती त्याच्यावरनं बोट फिरवायची आणि म्हणायची, "वटवाघळा, सांभाळ रे." काका तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघायचे.

पुढं पोरगी मोठी झाली, गाडी विकली, तळ्याला तारेचं कुंपण पडलं. अंडं आवारात झाडाखाली येऊन बसलं ते बसलंच.

दुसऱ्या दिवशी काकांनी मांजरीला पिल्लांसकट मानानं गच्चीवर हलवलं आणि आत डोकं घातलं. छताला शेवाळ, फळ्यांना वाळवी, आणि कमरेचा सांधा असा उसवलेला की आतून बाहेरचं झाड दिसत होतं. पण उशाशी दात होता. पिवळसर झालेला, धुळीनं माखलेला, पण होता. काकांनी थुंकी लावून तो पुसला आणि म्हणाले, "चला, मूळ शाबूत आहे. बाकी काय, दोन जबडे तर जोडायचे."

हे शेजारच्या कप्तानांनी कुंपणावरून ऐकलं. कप्तान म्हणजे नदीच्या नावेवर तिकिटं फाडायचे. निवृत्त होताना सगळ्यांनी टोपी परत केली, यांनी नाही केली, म्हणून कप्तान.

"बत्तीशी, फायबर आहे ना? मग ती बोट झाली. आणि बोटीतलं तुला काय कळतं?"

"आणि दातातलं तुला काय कळतं?"

"मला दात आहेत."

"ते मीच केलेत!"

यावर कप्तानांनी कुंपण ओलांडलं आणि पुढचे दोन महिने ते परत गेले ते फक्त जेवायला.

पहिलं काम घासायचं. फायबर घासलं की काचेची बारीक कुसं उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण कातडीला बरोबर कळतात. संध्याकाळपर्यंत काका असे खाजवायला लागले की गच्चीवरची मांजर बघायला खाली आली. कप्तान म्हणाले, गरम पाण्यानं आंघोळ कर. केली. खाज दुप्पट झाली. कप्तान म्हणाले, मग ते गार पाणी असेल, चुकून गरम बोललो. शेवटी काकूंनी काकांना आवारातच चादरीआड उभं केलं, कपडे काठीनं उचलून वेगळ्या बादलीत टाकले आणि पाकीट चिकटवायच्या पट्टीनं अंगावरची कुसं टिपून काढली. ज्या माणसानं तीन नगराध्यक्षांच्या कवळ्या केल्या होत्या, तो माणूस चादर गुंडाळून उभा, आणि रस्त्यानं जाणारी पोस्टमनबाई विचारते, "काका, बरं नाही का?" या प्रश्नाला माणसानं काय उत्तर द्यावं?

मग आला रसाचा दिवस. फायबरला काचेची चादर लावतात आणि तिच्यावर चिकट रस चोपडतात. रस आपोआप वाळत नाही, त्यात कडक करायचं औषध घालावं लागतं. डब्यावर प्रमाण लिहिलेलं होतं. काकांनी ते वाचलं नाही. चाळीस वर्षं हेच केलं, डब्याला काय विचारायचं? पण कवळीला माल लागतो चमचाभर आणि इथं होती बादली. काकांनी काकूंची मोठी पळी घेतली, बोटाच्या अंदाजानं औषध सोडलं आणि ढवळायला लागले.

"घाल, अजून घाल," कप्तान म्हणाले. "आभाळ भरून आलंय, लवकर वाळायला हवं."

काकांनी घातलं. जरा वेळानं बादली कोमट लागली, मग गरम लागली, आणि मग तिच्यातून धूर निघाला. कप्तान ओरडले, "बोट सोडा!" आणि पहिले कुंपणापलीकडं गेले. धूर विरल्यावर बघितलं तर रस दगड झालेला, आणि त्यात ब्रश आणि पळी मधोमध उभी. ती बादली आता काकांच्या दारात बसायला ठेवली आहे. पळीला धरून उठता येतं, म्हाताऱ्या माणसांना सोयीचं पडतं.

दुसऱ्या खेपेला काकांनी गपचूप डब्यावरचं वाचलं. प्रमाण बरोबर जमलं. पण हाताची सवय वाईट. रस कालवला की रंग घालायचा, हे हाताला ठाऊक. आणि हाताला रंग एकच ठाऊक. सगळा सांधा भरून झाल्यावर काका चार पावलं मागं गेले आणि बघतच राहिले. दुधी वरचा भाग, दुधी खालचा भाग, आणि मधोमध चारी बाजूंनी लालसर गुलाबी हिरडी. अंडं अख्ख्या गल्लीकडं बघून हसत होतं.

काकू म्हणाल्या, "आता याला रोज घासावं लागणार."

तो सांधा आतूनही भरायचा होता. काका आत गेले, वारा लागू नये म्हणून दार ओढून घेतलं आणि गोल फिरत सगळीकडं एकसारखा माल लावला. चाळीस वर्षांचा हात, कुठं फट म्हणून ठेवली नाही. दाराचीसुद्धा नाही.

तासाभरानं दार ढकललं. दार भिंत झालं होतं.

"कप्तान! अडकलो!"

"घाबरू नकोस!" कप्तान बाहेरून म्हणाले. "अशा वेळी आधी गळती बघून घ्यायची. तू आत आहेस, मी पाणी मारतो." आणि त्यांनी खरंच पाइप सोडला. सांधा कुठंच गळला नाही हे मान्य करायला हवं. खिडकी गळली, नेमकी काका तोंड बाहेर काढत होते तीच. खिडकीतून काकांचं डोकं येत होतं, पोट येत नव्हतं. काकू स्टूल घेऊन बाहेर बसल्या आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून खिडकीतून चहा पाजायला लागल्या.

अशात पालिकेचे निरीक्षक आले. तक्रार कोणाची नव्हती. माणूस सहज रस्त्यानं चालला होता आणि अंडं त्याच्याकडं बघून हसलं.

त्यांनी वही काढली. "हे काय आहे?"

"वाहन आहे," खिडकीतून काका म्हणाले.

निरीक्षकांनी वाकून बघितलं. चाकं नव्हती. टायर बदलायला नेले होते, खाली विटा होत्या. "चाकं नाहीत, विटा आहेत. म्हणजे बांधकाम." लिहून घेतलं. "आत कोण राहतं?"

"कोणी नाही!"

निरीक्षकांनी खिडकीकडं बघितलं. डोक्याला टॉवेल बांधलेला माणूस, बाहेर चहाची कपबशी धरलेली बाई. त्यांनी लिहिलं, "वस्ती आहे. कुटुंब सुखी दिसते." नोटीस दिली की पंधरा दिवसांत परवानगी दाखवा नाहीतर पाडून टाकू. आणि वाहन असेल तर वाहनाचा दाखला आणा. एवढं करून माणूस चांगला होता, जाताना त्यानंच स्क्रूड्रायव्हरनं दार उचकटून दिलं.

टायर त्या संध्याकाळीच बसले. राहिला दाखला. लेक यायला वीस दिवस होते. अंडं पाडलं तर हॉटेल, दोन दिवस. अंडं राहिलं तर दहा. काकांनी धुतलेला शर्ट घातला आणि वाहनांच्या कचेरीत गेले.

खिडकीमागं कारकूनसाहेब होते. वयस्कर, चेहरा आंबट. अर्ज बघून म्हणाले, "इंजिन नंबर?" आणि तोंडातून आवाज आला, खट्.

"साहेब, याला इंजिन नसतं. मागनं ओढायचं असतं."

"नंबर लिहिल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. खट्. शून्य लिहा."

शून्य लिहिलं. दुसऱ्या खिडकीनं अर्ज परत केला, शून्य नंबरचं इंजिन आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे. 'नाही' लिहिलं. तिसऱ्या खिडकीनं विचारलं, इंजिन नाही म्हणजे चोरीला गेलं का, मग पोलिसांचा कागद आणा. काकांनी दातांच्या कण्या केल्या. चार दिवस या खिडकीतून त्या खिडकीत, आणि फिरून पुन्हा पहिल्या खिडकीशी.

"मी एकदा सांगितलं ना, खट्, नियम म्हणजे, खट्..."

आता काकांना अर्जाचं काही राहिलंच नाही. माणूस नियम सांगत होता आणि काका फक्त ते खट् ऐकत होते. गवयाला बेसूर ऐकवत नाही ना, तसं. शेवटी राहवलं नाही.

"साहेब, रागावू नका. खालची कवळी उचलतेय. डावीकडं, मागं."

कारकूनसाहेबांनी इकडं तिकडं बघितलं. आवाज खाली आणला. "तीन वर्षं झाली हो. डॉक्टर म्हणतात सवय होईल."

"सवय चपलेची होते, दाताची नाही. द्या इकडं."

कचेरीच्या मागच्या नळावर काकांनी ती धुतली, खिशातून लहान कानस काढली, एका जागी चार हात मारले. बस. कारकूनसाहेबांनी तोंडात घातली. तोंड मिटलं, उघडलं, मिटलं. खट् नाही. मग ते जागेवर गेले आणि एवढंच म्हणाले, "नियम म्हणजे नियम." स्वतःचाच आवाज ऐकून ते हसले. अर्ज ओढला आणि इंजिनच्या रकान्यात लिहिलं, "लागू नाही." म्हणाले, "हे असं लिहायची सोय पहिल्यापासून आहे. पण कोणी विचारलं नाही."

दाखला भिंतीला लागला. फळ्या नव्या बसल्या. काकूंनी पडदे शिवले. रंगाच्या दुकानात काका म्हणाले, "दुधी द्या, पण चहा पिणाऱ्याचा नको, दूध पिणाऱ्याचा." दुकानदार आधी घाबरला, पण रंग बरोबर मिळाला. पाच दिवस उरले होते आणि सगळं चकचकीत झालं होतं. माणसानं इथं थांबावं. पण माणूस थांबतो कुठं? काकांना वाटलं, आतल्या भिंतीवर एक शेवटचा हात फिरवू. घासायची मशीन लावली, चष्म्यावर धूळ बसली, हात आपला तंद्रीत चालला. कुठं तरी बारीकसं टिक् झालं.

काकांनी मशीन बंद केली. चष्मा पुसला. उशाशी गुलाबी ठिपका होता, सपाट, गुळगुळीत. दात नव्हता.

काकांना पहिल्यांदा काही कळेचना. मग ते गुडघ्यावर बसले आणि भुगा चिवडायला लागले. फळीखाली, गादीखाली, दारात. ज्या हातांनी चाळीस वर्षं दात बसवले ते हात आता भुग्याचा कण न् कण चाचपत होते.

काकू केरसुणी घेऊन आल्या. "काय शोधताय?"

"काही नाही. स्क्रू."

"बरं," काकू म्हणाल्या आणि झाडायला लागल्या.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. जबड्यांच्या खोलीत जाऊन बसले. कप्तानांना मात्र त्यांनी खरं काय ते सांगितलं. कप्तान समजूत घालायला आले आणि दारातली ती बादली आत ओढून तिच्यावर बसले. "अरे, तुझा तर धंदा आहे. एक दात गेला तर दुसरा कर."

दोन महिन्यांत कप्तानांचा हा पहिलाच सल्ला कामाचा निघाला. काका उठले, सगळ्यात वरच्या फळीवर, अगदी मागं हात घातला आणि एक जबडा काढला. एवढासा, तळहातात मावणारा. लेक पाच वर्षांची असताना गंमत म्हणून तिचा ठसा घेतला होता. सगळ्या जबड्यांवर नावं होती. याच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, "आपली."

त्यावरून त्यांनी दात केला. पिवळसरपणा तसाच, कडेची लहानशी उतरण तशीच. तीन टाकून दिले, चौथा ठेवला. जन्मात एवढं काम कोणासाठी केलं नव्हतं. मग अंड्यात गेले, ठिपका कोरला, ताजी हिरडी भरली आणि दात बसवला. सरळ, ताठ, खालच्या दातानं जसं उभं राहायचं तसा. हात सवयीनं चालला आणि काका समाधानानं मागं सरले. देवानंसुद्धा ओळखला नसता.

लेक आली ती दुपारची. नात आता सहा वर्षांची. गुलाबी हिरडीचं अंडं बघून दोघी आवारातच हसत सुटल्या. लेकीच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काकांना आधी जरा लागलं, मग त्यांना वाटलं, बरंच झालं गुलाबी रंग घातला. कप्तानांनी टोपी काढून सलाम ठोकला आणि म्हणाले, "सगळं माझ्या देखरेखीखाली."

लेक आत गेली. पडदे बघितले नाहीत, फळ्या बघितल्या नाहीत. ती आपल्या जुन्या जागी वाकली आणि डोळ्यांच्या आधी बोट भिंतीवर गेलं. बोट वरून खाली फिरलं, थांबलं. परत वरून खाली फिरलं.

"बाबा," ती म्हणाली, "हा उभा आहे."

दारातले काका आत आले.

नात आईच्या काखेखालनं डोकावली. "वटवाघूळ जागं झालं?"

कप्तानांना एकदम घरी काम आठवलं. काका फळीवर बसले आणि म्हणाले, "नाही गं बाळा. गेलं ते. माझ्याच हातून गेलं. घासताना उडालं, आणि मी... हा मी केलाय. खोटा आहे." लेकीकडं बघायची त्यांची टाप नव्हती. "सगळं तयार केलं बघ मी. तेवढंच घालवलं."

लेक काही बोलणार एवढ्यात काकू दारात आल्या. हातात बटणांची डबी. त्यांनी झाकण काढलं, बटणं बाजूला सारली आणि कापसात गुंडाळलेलं काही तरी काकांच्या हातावर ठेवलं. पिवळसर, एवढासा, एका कडेला ओरखडा पडलेला.

"तुझ्याकडं होता?" काका ओरडलेच. "पाच दिवस? मी इथं जिवाचं पाणी करतोय आणि तू बोलली नाहीस?"

"चाळीस वर्षं तुमचा भुगा मी झाडते. दात आणि भुगा मला वेगळा कळतो," काकू म्हणाल्या. "मी विचारलं होतं, काय शोधताय. तुम्ही म्हणालात स्क्रू. स्क्रू मला सापडला नव्हता."

लेक आधी हसली. मग बापाच्या शेजारी बसली आणि त्यांच्या खांद्यावर तिनं डोकं टेकलं, पण हसतच होती, म्हणून रडत होती का ते कळलं नाही.

"बसवा आता," काकू म्हणाल्या.

काकांनी भुकटी आणली, कालवली. खोटा दात काढायला छिन्नी उचलली तर नातीनं हात धरला. "त्याला नका काढू. तो काय चावला का तुम्हाला?"

"मग हा कुठं बसवू?"

"त्याच्या डोक्यावर. उलटा."

काकांचा हात अडला. मुद्दाम उलटा दात बसवायचा म्हणजे सुतारानं मुद्दाम वाकडी चौकट ठोकायची. दोनदा त्यांनी तो सरळ धरला आणि दोनदा नातीनं बोटानं फिरवला. शेवटी डोळे बारीक करून, श्वास धरून, त्यांनी तो वरून खाली लटकता बसवला, अगदी जुना होता तसा. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. खालचा उभा, वरचा लटकता, दोघांच्या कडा समोरासमोर. काकांनी खिशातून निळ्या कागदाची पातळ पट्टी काढली. कवळी झाली की हीच पट्टी दातांमध्ये धरून बघतात, चावा जुळला की नाही. पट्टी त्यांनी दोन दातांच्या मध्ये सरकवली आणि हळूच ओढली. निघाली नाही.

"चावा बसला," काका म्हणाले आणि त्यांनी पट्टी पुन्हा एकदा ओढून बघितली.

"तीस वर्षांनी का होईना," काकू म्हणाल्या आणि हातभर ओट्यावर चहा ठेवायला गेल्या.

नातीनं दोन्ही दातांवरनं बोट फिरवलं आणि विचारलं, आईचा तो छोटा जबडा कुठं आहे, तिला उशाशी हवा होता. काका तो आणायला उठले. दारात त्यांना लेक दिसली, पाठमोरी, फोनवर बोलत होती.

"हो, त्याच नावानं. नाही, तारीख बदलायची नाहीये. रद्दच करा."

काका तिथंच थांबले. म्हणजे हॉटेल अजून धरून ठेवलं होतं तर! बापाच्या "अगदी तयार"ची लेकीला चांगलीच ओळख होती. एरवी त्यांनी यावर दिवसभर तोंड फुगवलं असतं. पण आत काकू हसत होत्या, तळ्याकाठी हसायच्या तशा, आणि काकांना कसलं तरी अतिशय महत्त्वाचं काम आठवलं. ते अंड्याला वळसा घालून मागं गेले आणि कुठंही फट नसलेला तो गुलाबी सांधा बराच वेळ तपासत उभे राहिले.